साखरपुडा अडला साखरेवर

गोव्याहून परत आल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतायत, ‘काय पाहिलंत हो गोव्यात?’ समुद्र पाहिला, जेमतेम दहा मिनिटं. बाकी सगळा वेळ मी परक्या लोकांच्या रक्तातली आणि कण्यातली साखर पाहत होते. हे सांगितलं की बायका गप्प होतात आणि जिन्याने निघून जातात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत जन्म घालवला. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात एक नितळ पाणी असतं. पुस्तकातलं त्याचं नाव इतकं बोजड आहे की मी ते आयुष्यभर लिहिलं, पण तोंडाने कधी उच्चारलं नाही. मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर कमरेत सुई घालून ते काढतात आणि तपासायला पाठवतात. तपासणारी मी. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले त्या पाण्यातून. कसलं काय! एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा, शालूचा, गोव्यातल्या पाळी गावाहून फोन आला आणि ती रडतच बोलायला लागली.

“ताई, माझ्या दीक्षाचा साखरपुडा मोडायला आलाय. साखरेवरून.”

मला वाटलं, देण्याघेण्यातलं काहीतरी असेल. म्हटलं, “अगं, किलोभर जास्त आण की!”

“ती साखर नव्हे गो! मेंदूतली!”

मोपा

विमानतळावरून बाहेर आले तर एक उंच मुलगा माझं नाव लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून उभा. नाव उलटं धरलेलं.

“मावशी, मी सर्वेश. इथंच नोकरीला आहे, सामानाच्या पट्ट्यावर. तुम्हाला भेटलो हे बाबांना सांगू नका.”

म्हणजे हाच तो नवरा मुलगा! पेडण्यातल्या केरीचा. माझी बॅग त्याने अशी उचलली की मला तो तिथेच पसंत पडला. मोपाच्या सड्यावर ऊन मरणाचं होतं आणि वाऱ्याला काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. गाडीपाशी पोचल्यावर त्याने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मथळा होता, ‘डिचोलीकरांच्या मेंदूत साखर कमी, पेडणेकर सुरक्षित’.

“हे वाचल्यापासून बाबा म्हणतात, पाळी डिचोलीतच येते, तिथली मुलगी नको. पुढची पिढी मंद निघेल. मी म्हटलं, लग्न करीन तर दीक्षाशीच. तर त्यांनी अन्न सोडलं. सोमवारपासून अन्नाला शिवले नाहीत, मावशी. सत्तरीचा माणूस. काही झालं तर मी काय करू?”

पोराचे डोळे खरंच भरून आले. मी म्हटलं, “अरे बाळा, वर्तमानपत्रवाल्याच्या मेंदूतली साखर आधी बघायला पाहिजे.” तो हसला, पण अर्धवट. गाडीत बसवताना पुन्हा म्हणाला, “बाबांना पटेल असं काहीतरी सांगा, एवढंच.”

पाळी

पाळी हे खाणपट्ट्यातलं गाव. इथली धूळ लाल, आणि ती कशालाही सोडत नाही. शालूने दारातच माझ्या हातात बालदी दिली, “पाय धू आधी.” पुण्यातून पांढरी साडी नेसून गेलेली मी घरात शिरले तेव्हा निऱ्या विटकरी झाल्या होत्या. भावोजींचे टिप्पर आहेत, म्हणजे खनिज वाहणारे मोठे ट्रक. ते म्हणाले, “काही नाही, ह्या गावात सगळ्यांचा हाच रंग.”

पाय धुऊन बसले नाही तोच शालूने पुढ्यात भला मोठा वाडगा ठेवला. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा चव, बाजूला कैरीचं लोणचं आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात, आणि तीही तो नाही म्हणत असताना. इथे ती धडधाकट माणसं रोज दहा-अकराच्या सुमाराला हक्काने घेतात. मला काय चव लागली म्हणून सांगू! दुसरा वाडगा मीच मागितला.

इथे दीक्षाची ओळख करून दिली पाहिजे. हायस्कुलात गणित शिकवते. तोंडाने आपल्या मावशीवर गेली आहे, असं घरचे म्हणतात. मी ते कौतुकच समजते. ती जनेलात, म्हणजे खिडकीत, बसून पेपर तपासत होती.

“मावशी, एक सांगून ठेवते. खोटं बोलून हे लग्न जमवायचं नाही. उद्या माझ्या पोराला पाढे आले नाहीत तर ह्या कात्रणावर येणार सगळं. जे खरं आहे ते शोध. वाईट निघालं तरी सांग.”

“आणि वाईट निघालं तर?”

तिने लाल पेनने कुणाच्या तरी उत्तरावर मोठी फुली मारली. “मग बघू,” म्हणाली, आणि तीच फुली पुन्हा गिरवली. मला फार वाईट वाटलं. एवढी तरतरीत पोर, आणि कुणी टिनपाट मथळा छापतो म्हणून तिने स्वतःच्या डोक्याचा दाखला द्यायचा?

दुपारच्या जेवणाआधी साखर बघायची माझी जुनी सवय आहे. मला मधुमेह, म्हणून यंत्र पर्समध्येच असतं. बोट टोचलं, आकडा पाहिला आणि मला घामच फुटला. आकडा सांगत नाही, माझी मुलगी हे वाचणार आहे. तेवढ्यात तिचाच पुण्याहून फोन आला, तो शालूने उचलला आणि ठणकावून सांगितलं, “नाही गो, आल्यापासून काही खाल्लंच नाही तिनं! आता जेवायला बसवते.”

मग माझ्या डोक्यात संशोधन शिरलं. म्हटलं, यंत्र बिघडलं. शालूचं बोट टोचलं. चढलेली. भावोजींचं टोचलं. चढलेली. दीक्षाने नको नको म्हणत बोट पुढे केलं, तिचीही चढलेली. भावोजी घाबरून म्हणाले, “ताई, सगळ्या गावालाच झाला की काय?” मी म्हटलं, “यंत्र वाईट आहे, भावोजी. फेकून देते.” असं म्हणून ते पुन्हा पर्समध्ये ठेवलं, कारण महाग आहे.

डिचोली

ज्यांच्या अभ्यासावरून हे रामायण घडलं ते डॉक्टर डिचोलीच्या एका छोट्या रुग्णालयात होते. वय कोवळं, चष्मा जाड, नागपूरचे. दुसऱ्या दिवशी जाऊन मी कात्रणाचं नाव काढलं, तसे उभेच राहिले.

“मॅडम, मी असं लिहिलंच नव्हतं! मेंदूत साखर कमी असं कुठंच म्हटलं नाही. मी फक्त म्हटलं, डिचोलीकडच्या रुग्णांमध्ये कण्यातल्या पाण्याची साखर रक्तातल्या साखरेच्या मानाने कमी दिसते. पेडण्याकडच्यांत नाही दिसत. कारण शोधायला पाहिजे, खनिजाची धूळ असू शकते. बस, इतकंच. त्या वार्ताहराने पार वाट लावली ना माझी!”

मुलगा खोटा नव्हता. त्याने सगळे आकडे माझ्यासमोर मांडले आणि स्वतः खाली बसला, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

वाचणाऱ्यांना एवढंच कळलं तरी पुरे: कण्यातल्या पाण्यात साखर असते, साधारण रक्तातल्याच्या दोन तृतीयांश. पण ही साखर स्वभावाने संथ. रक्तात साखर आत्ता चढली तर त्या पाण्यात ती चढायला दोन-तीन तास लागतात. म्हणून माणूस उपाशी असताना दोन्ही तपासावं. नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि माणसं नसते निष्कर्ष काढतात.

मी विचारत गेले. किती जण? मोजकेच. सगळे तापाने, डोकेदुखीने आलेले, शेवटी मेंदूज्वर नाही म्हणून घरी गेलेले. दोन्हीकडची वयं सारखी? नव्हती, पेडण्याचे जरा तरुण होते. मी ‘हं’ केलं. माझं ‘हं’ ऐकून माझ्या हाताखालच्या मुली पूर्वी पाणी प्यायला जायच्या. डॉक्टरही उठून पाणी प्याले.

“उपाशी होते?”

“सगळे! मी स्वतः प्रत्येकाला विचारलं आहे, मॅडम. काही खाल्लं का? सगळे म्हणाले, नाही. अकराच्या सुमाराला सुई घालायचो, त्याआधी रुग्णालयाचा नाश्ता मी बंद ठेवायचो.”

इथे मी अडले. आकडे स्वच्छ, प्रश्न स्वच्छ, उत्तर स्वच्छ. वयाचा फरक होता, पण तो काही एवढा गोंधळ घालणारा नव्हता. मनात आलं, बाई गं, खरंच काही असलं तर? दीक्षाला जाऊन काय सांगू? मी खिडकीबाहेर बघत बसले. शेजारच्या वॉर्डात एक बाई शिरली, हातात स्टीलचं झाकणाचं कॅन. तिने ते नवऱ्याच्या उशाशी ठेवलं, झाकण काढलं, आणि वाफेबरोबर कालचाच वास माझ्या नाकात आला.

मी ताडकन उठले. “अहो, काय आणलंत?”

“पेज,” ती म्हणाली. “आम्ही हंयचीच. घरसून येता रोज.” म्हणजे घर इथलंच, आणि पेज रोज घरून येते.

“पाटीवर लिहिलंय, ह्यांना आज टोचणार. ह्यांनी उपाशी राहायचंय.”

“उपाशीच आसत गे बाय,” ती मलाच समजावायला लागली. “काय एक खावक ना. हांव फकत पेज दितां.”

मी डॉक्टरांकडे वळले. “डॉक्टर, पेज खातात की पितात?”

“म्हणजे?”

“अहो, ह्या लोकांत पेज पितात! खाणं म्हणजे पोळी, पाव, भात. पेज खाण्यात मोडत नाही. तुम्ही विचारलंत, काही खाल्लं का? ते म्हणाले, नाही. खरंच बोलले बिचारे! वाडगाभर तांदूळ पोटात, रक्तात साखर चढलेली, आणि कण्यातलं पाणी अजून झोपेत. मग प्रमाण कमी दिसेल नाहीतर काय होईल?”

“मग पेडण्याचे?”

“त्यांचं घर लांब. त्यांना कॅन कोण आणणार?”

डॉक्टरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग हळूच म्हणाले, “नागपूरला असतो तर नसतं झालं हो हे.” मी म्हटलं, “पुण्यातही नसतं झालं. आणि कालच माझ्याच बोटावर झालं, तरी मला कळलं नाही.” यंत्राची मी मनातल्या मनात माफी मागितली.

जुन्या रुग्णांना फोन करून पाहिले. त्या दिवशी पेज प्यायला होतात का? महिन्यांपूर्वीची पेज कोणाला आठवणार! एक आजोबा फोनवर म्हणाले, “म्हणजे? पेज पिवक नसता असो दीस आसता?” डॉक्टरांनी ते उत्तर जसंच्या तसं टिपून घेतलं. नव्याने तपासायचं ठरलं, आणि ह्या वेळी विचारायचं, पोटात काय काय गेलं? खाल्लेलं, प्यालेलं, चाखलेलं.

केरी, पण चुकीची

दुसऱ्या दिवशी केरीला निघालो. मी, शालू, आणि दीक्षा. शालू म्हणत होती, मुलीने असं जायचं नसतं. दीक्षा म्हणाली, “मेंदू माझा आहे, मी येणार.” भावोजींनी सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर दिला. त्याला सांगितलं, “केरीला न्या.” तो “होय” म्हणाला आणि निघाला. तासाभराने आजूबाजूला डोंगर वाढायला लागले. मी म्हटलं, समुद्र कधी दिसणार? तो म्हणाला, “दर्या? घाटाच्या पायथ्याक दर्या खंयसून येतलो?”

गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. आम्ही सत्तरी तालुक्यातल्या केरीत येऊन पोचलो होतो, अगदी उलट्या टोकाला. शालू ड्रायव्हरवर ओरडली. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “तुम्ही केरी म्हटल्यात, मी केरीक हाडलंय.” दीक्षा मागच्या सीटवर पोट धरून हसत होती. “मावशी, ह्याचं काही चुकलं नाही. आपणच डॉक्टरासारखं विचारलं.” तिथे एका हॉटेलात भाजी-पाव खाल्ला, पाव इतका ताजा की पदेर, म्हणजे पाववाला, नुकताच देऊन गेला असावा, आणि उलटे फिरलो.

केरी, बरोबर

सर्वेशचे वडील महादेवबाब आयुष्यभर फेरीबोटीवर होते. तेरेखोलच्या नदीतून माणसं इकडून तिकडे नेण्यात हयात गेली. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तीच ती माझी दहा मिनिटं. उपोषणाला बसलेला माणूस म्हणून मी मन घट्ट करून आत गेले, तर ओसरीवर झोपाळ्यात एक तांबूस गालांचे, झुपकेदार मिशांचे गृहस्थ ऐसपैस बसलेले. आवाज फेरीबोटीच्या भोंग्याला मागे सारणारा. सर्वेश खांबाशी उभा, चेहरा पडलेला. दीक्षाला बघून थोडा उजळला.

मी सगळं सांगितलं. आकडे कसे फसवे, माणसं किती थोडी, प्रश्न कसा चुकला. महादेवबाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडला.

“म्हंजे पाळीकरांची साखर कमी नाय, ह्यां तुम्ही सिद्ध केल्यात?”

शालूने मागून माझा दंड धरला. सांग, हो म्हणून सांग! दीक्षा माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर वेगळंच सांगत होती. मी म्हटलं, “नाही. ते नव्याने तपासायला लागेल. मी एवढंच सांगते की कमी आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. ह्या माहितीवरून काहीच म्हणता येत नाही. तुमच्या बाजूनं नाही, आमच्याही नाही.”

“मगे माझो उपास चालूच रवतलो,” महादेवबाब म्हणाले आणि डोळा मिटला. शालूने माझा दंड असा चिमटला की तो डाग पुण्यापर्यंत आला. सर्वेश म्हणाला, “बाबा, हात जोडतो, काहीतरी खा.” म्हाताऱ्याने मान हलवली. “सोमवारपासून काय एक खावक नाय. आणि खावचंय नाय.”

तेवढ्यात आतून त्यांची बायको, सुमनवहिनी, आली. हातात वाडगा, वाडग्यात कुलेर, म्हणजे चमचा. “अवो, पेज निवता. घेवा आधी.”

“ठेव थंय,” महादेवबाब म्हणाले.

मी दीक्षाकडे पाहिलं, दीक्षाने माझ्याकडे.

“महादेवबाब, तुम्ही अन्न सोडलंय ना?”

“सोडलंय! इचारा कोणाकव.”

“मग ही?”

“ही पेज!” ते माझी कीव करत म्हणाले. “पेज पितत, बाई. खाणत नाय.”

मी पर्स उघडली. “बोट द्या.” माणूस शूर, त्याने बोट दिलं. मी विचारलं, “आजची ही कितवी?” सुमनवहिनी म्हणाली, “दुसरी. पयली मगाशी पिले.” यंत्रावर आकडा आला तो मी सगळ्यांना दाखवला. “आता डॉक्टरांनी तुमच्या कमरेत सुई घातली असती आणि विचारलं असतं, काही खाल्लं का, तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

“काय एक खावक नाय,” ते म्हणाले, आणि थांबले. मिशीवर पेजेचं एक शीत होतं, ते थरथरलं.

“म्हणजे पेपरात आलं असतं,” दीक्षा म्हणाली, “केरीच्या महादेवबाबांच्या मेंदूत साखर कमी.”

सुमनवहिनी आधी हसली. पदर तोंडात कोंबला, पण हसू काही थांबेना. मग सर्वेश, मग शालू, मग मी. महादेवबाब सगळ्यांकडे रागाने बघत होते. मग वाडग्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एकदम बारीक आवाजात विचारलं, “मगे माझो उपास?”

“सोमवारीच मोडला,” मी म्हटलं.

त्यांनी वाडगा उचलला, उभ्या उभ्या रिकामा केला आणि बायकोला म्हणाले, “बांगडो असलो तर भाज गो. पावण्यांका जेवक वाढ.” मग दीक्षाकडे वळून, “आणि तू गणित शिकवतस म्हणतत. मास्तरीण असशीत तर नातवंडांका पाढे तूच शिकव. माका येवचे नायत.”

बांगडा असा होता की मी माझ्या गोळीचा विचारही केला नाही.

पाळी, पुन्हा

साखरपुड्यासाठी मी मुद्दाम राहिले. शालूच्या अंगणात मांडव घातला, लाल धूळ बसावी म्हणून दोनदा पाणी मारलं. नागपूरच्या डॉक्टरांनाही बोलावलं होतं. ते कोपऱ्यात बसून जो येईल त्याला पेज कधी प्यालात विचारत होते. केरीकर आले. महादेवबाबांच्या हातात साखरेचा पुडा होता, एवढा मोठा की सर्वेशला आधार द्यावा लागला. तो दीक्षाच्या ओंजळीत ठेवत ते म्हणाले, “घे बाय. कमी पडूक नको, म्हणून जास्तच हाडलीय. डोक्यात घाल, कण्यात घाल.”

तिने वाकून नमस्कार केला. मुहूर्त लांबला होता, ऊन वर आलं होतं, म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. तिने काळजीने विचारलं, “बाबा, सकाळपासून काही खाल्लंत का?”

“काय एक—” त्यांनी भोंगा सुरू केला आणि मधेच थांबले. दीक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या डॉक्टरांकडे पाहिलं. मिशीवरून एकदा हात फिरवला.

“पेज,” ते म्हणाले. “पेज खाल्लंय.”